पेट्रोलातील औषधे आणि मोटारीचे इंजिन

वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेसारख्या गावांत आता दारोदारी फटफटी दिसते, आणि एखाद्या दारात भारी मोटारही उभी असते. गाडी आली की तिच्यामागोमाग सल्ला येतो. पेट्रोलाच्या टाकीत ओतायची एक लहानशी बाटली मिळते. तिने म्हणे इंजिनाचे आयुष्य वाढते, काजळी जाते आणि ॲव्हरेजही वाढते. कोणी टाकीत टाकायच्या धातूच्या गोळ्या विकतो. त्यांना तो ‘उत्प्रेरक’ म्हणतो. मोटार जितकी जोरकस, तितकी मालकाची धास्ती मोठी, आणि बाटलीची किंमतही त्याच मापाने चढलेली.

ही सारी लबाडीच आहे असे मात्र एकदम म्हणू नका. इंधनात काही मिसळून इंजिन वाचवता येते, हे आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या घराण्याने पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना काढला. तिथली चेतक स्कूटर १९७२ सालची. ती दोन फटक्यांच्या इंजिनाची, म्हणजे टू-स्ट्रोक. अशा इंजिनाच्या तळाशी तेलाचा वेगळा साठा नसतो, म्हणून पेट्रोलातच तेल मिसळावे लागे. साधारणपणे लिटरमागे वीस मिलिलिटर. तेल विसरले की पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. धूर होई, पण इंजिन वाचे. का वाचते, हे कोणताही मिस्त्री दोन वाक्यांत सांगू शके. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दुसरे उदाहरण शिशाचे. इंजिनात पेट्रोल आणि हवा जितकी जास्त दाबावी तितका जोर अधिक मिळतो. पण दाब फार झाला तर ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिन आतून ठोकू लागते. त्या ठोक्यांनी पिस्टनला भोकसुद्धा पडते. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याने शिशाच्या एका संयुगाचा थोडासा अंश पेट्रोलात घालून हा ठोका थांबवला. त्याच शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसे, आणि बैठक झिजत नसे. औषध खरे होते, पण धुराबरोबर शिसे हवेत जाई आणि मुलांच्या मेंदूला बाधे. भारतात १९९५ पासून मोठ्या शहरांत बिनशिशाचे पेट्रोल येऊ लागले, आणि २००० साली देशभर शिसे बंद झाले. आता ज्यांच्याकडे फार जुनी, मऊ बिडाच्या बैठकीची गाडी आहे, त्यांना पोटॅशियम किंवा मँगनीजची संयुगे असलेले मिश्रण काही प्रमाणात उपयोगी पडते. नव्या गाड्यांच्या बैठका मुळातच कठीण धातूच्या असतात. त्यांना त्याची गरज नाही.

आता उत्प्रेरक. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. परीक्षानळीत थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या आणि चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाका. ते नसेल तर बटाट्याची फोडही चालेल. फसफसून प्राणवायू निघेल. फसफस पूर्ण थांबली की आणखी एक चिमूट टाका. काही होणार नाही! कारण जे घडायचे ते घडून गेले. उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो. नसलेला माल तो आणीत नाही.

हेच इंजिनाला लावून पाहा. चांगल्या स्थितीतल्या, तापलेल्या इंजिनात शंभर भागांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग पेट्रोल जळूनच जाते. मग गोळ्यांनी वाढवायचे ते काय? पेट्रोलची बहुतेक शक्ती वाया जाते हे खरे, पण ती न जळल्यामुळे नव्हे. उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि धुराड्यातून ती निघून जाते. ज्वलनाचा वेग वाढवून ती परत मिळत नाही. खरा उत्प्रेरक मोटारीत असतो, पण तो धुराच्या नळीत. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा तो असतो, आणि त्याचे काम उरलासुरला विषारी वायू निववणे. इंजिनाचे रक्षण तो करीत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक साधने तपासली. एकानेही म्हणण्यासारखी बचत झाली नाही.

काजळी काढणारी द्रावणे मात्र निराळी. ती पेट्रोलातला साबणच म्हणा. इंजेक्टरचे तोंड त्यांनी स्वच्छ राहते. पण पुष्कळ नव्या जोरकस इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ते शिवतही नाही. मग त्या व्हॉल्व्हवरची काजळी टाकीतल्या बाटलीने कशी धुतली जावी?

सध्या बाटल्यांचा खप वाढण्याचे कारण वेगळे आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले, आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. लोकांची तक्रार अगदीच पोकळ नाही. एका लिटर इथेनॉलात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी, तेव्हा वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के कमी पडणारच. हा हिशेब कुठल्याही बाटलीने बदलत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या खराब होण्याची भीतीही खरी. तिच्यावर उपाय नळ्या बदलण्याचा. ठोक्याच्या बाबतीत मात्र इथेनॉल स्वतःच उत्तम औषध आहे. मिजलीच्या काळीही हे ठाऊक होते. म्हणजे ठोका थांबवणारी बाटली वर ओतणे हे उसाच्या रसात साखर घालण्यासारखे झाले.

फसवणुकीचे टोक पाहायचे तर तामिळनाडूतील प्रकरण आठवा. झाडपाल्यापासून पेट्रोल बनवतो, असा दावा रामर पिल्लै यांनी १९९६ साली केला आणि देशभर गाजावाजा झाला. वीस वर्षांनी, २०१६ साली, न्यायालयाने फसवणुकीबद्दल त्यांना शिक्षा सुनावली. तोवर किती जणांनी पैसे घातले असतील!

तेव्हा विक्रेत्याला विचारा : हे नेमके काय आहे, आणि इंजिनाच्या कोणत्या भागावर, कसे काम करते? पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत इंजिनाच्या चाचण्या होतात. तिथला अहवाल आहे का? स्कूटरच्या तेलाबद्दल मिस्त्री जे सांगू शके, ते याने सांगावे. नाही सांगता आले, तर ते पैसे वेळेवर इंजिन ऑइल बदलायला, कूलंटला आणि हवेच्या जाळीला ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ आणि ऊन दोन्ही इंजिनाचे वैरी. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकीचे झाकण नीट बसते ना, तेवढे पाहा. आत पाणी गेले तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाशी बसते, आणि मग टाकी उतरवून रिकामी करावी लागते.