ऑलिव्हची बाग आणि कर्बाचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी तुम्हाला स्पेनमधल्या एका झाडाचा हिशेब सांगणार आहे. कापूस मोडून ऑलिव्ह लावा, असं सांगायला मी आलेलो नाही. झाड तिथलं, हवा तिथली. हिशेब मात्र आपल्या कामाचा आहे.

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया हा प्रांत आहे. त्यातल्या एकट्या हाएन जिल्ह्यात ऑलिव्हची सहा कोटींवर झाडं आहेत. पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. बऱ्याच बागा कोरडवाहू. जुन्या बागेत दहा-दहा मीटरवर एक झाड, म्हणजे एकरी ४०. साधारण पाच किलो फळातून एक लिटर तेल निघतं. आता तिथले लोक म्हणतात, आमची बाग तेल तर देतेच, शिवाय हवेतला कर्बवायूही शोषून घेते. मग त्याचा मोबदला आम्हाला का नको?

प्रश्न रास्त आहे. पण बाग घेते किती आणि ठेवते किती, हे आधी पाहू.

हिरवं पान कर्बवायू घेतं आणि उन्हाच्या बळावर त्याची साखर करतं. आपली कपाशी आणि ज्वारीही हेच करतात. पण कडबा बैलाच्या पोटात जातो, पऱ्हाटी चुलीत जाते आणि कर्ब परत हवेत जातो. ऑलिव्हचं तेलही खाल्लं की माणसाच्या श्वासातून परत हवेतच. हे सगळं चालू खातं झालं. ठेव आहे ती खोडात, जाड मुळांत आणि मातीत. ऑलिव्हचं झाड शंभर-शंभर वर्षं उभं राहतं, म्हणून लाकडातली ठेवही तितकी टिकते.

वाळलेल्या लाकडाचा साधारण निम्मा भाग कर्ब असतो. एक किलो कर्ब म्हणजे हवेतला ३.६७ किलो कर्बवायू. समजा, एका झाडाचं लाकूड वर्षाला चार किलोनं वाढलं. त्यात कर्ब दोन किलो, म्हणजे कर्बवायू सात किलोच्या वर. एकरी ४० झाडांचे झाले तीन क्विंटलच्या आसपास. लाकडाची ठेव एवढीच. जास्त हवं असेल तर मातीत भरावं लागतं.

आणि इथेच पूर्वी गळती होती. गवतानं पाणी पिऊ नये म्हणून तिथला शेतकरी बाग वरचेवर नांगरून स्वच्छ ठेवी. उतारावरची माती पावसात वाहून जाई. छाटलेल्या फांद्या बांधाला पेटवून देत. झाडानं कमावलं, ते मालकानं जाळलं. आता अनेक जण फांद्यांचा यंत्रानं भुगा करून जमिनीवर पसरतात. दोन ओळींमधे हिवाळी गवत येऊ देतात आणि झाडाचं पाणी पिण्याआधी वसंतात कापतात. घाण्यातला चोथा कुजवून खत करतात. २०२३ पासून युरोपच्या शेती धोरणातून स्पेनमधे अशा आच्छादनासाठी हेक्टरी रक्कमही मिळते.

पण भावांनो, या ठेवीला मर्यादा आहेत. माती काही वर्षं भरत जाते, मग तिची भूक भागते. पुन्हा खोल नांगरली की साठलेलं निघून जाऊ लागतं. इटलीच्या पुलिया भागात २०१३ साली झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि पुढे लाखो झाडं वाळली. झाड मेलं की त्याची ठेवही मोडू लागते. २०२२-२३ च्या दुष्काळी हंगामात स्पेनचं तेल आदल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी झालं. गवत राखायचं, यंत्राचं भाडं भरायचं, दुष्काळ सोसायचा, हे सगळं शेतकऱ्याच्या माथी.

हे आज इथे सांगण्याचं कारण आहे. जानेवारी २०२४ मधे आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानंही शेतीतल्या कर्ब-बाजाराचा आराखडा जाहीर केला. बांधावर झाडं लावा, धसकटं-पऱ्हाटी जमिनीत जिरवा, आम्ही कर्बाचे पैसे देऊ, असं सांगत कोणी तुमच्या दारात आलं तर त्याला हाकलू नका. पण सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. कर्ब मोजणार कोण, आणि मोजणीचा खर्च कोणाचा? जमीन किती वर्षं बांधली जाणार? दुष्काळात झाड वाळलं तर पैसे परत करायचे का? आणि बाजारात जो भाव मिळेल, त्यातला आपला वाटा किती?

या चारांची उत्तरं कागदावर येऊ द्या. तो कागद पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण सगळे मिळून वाचू. पऱ्हाटी कुजवली तर जमिनीचा कस वाढतो, ते आपल्या घरचं काम आहे. त्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहू नका. पण आपल्या मातीतली ठेव दुसऱ्याच्या वहीत जमा होणार असेल, तर आधी वही पाहायची आणि मग सही करायची.