आपल्या कागदांची नक्कल आपल्या खिशात
(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)

आज आम्ही पेनड्राइव्हविषयी बोलणार आहोत. ही वस्तू तुम्ही पाहिली असेल. बोटाच्या दोन पेरांएवढी असते. एका टोकाला धातूचे चपटे तोंड असते. गावातली पोरे तिच्यात गाणी भरतात आणि ट्रॅक्टरवर वाजवतात. पण ती नुसती गाण्यांची वस्तू नाही. घरातल्या महत्त्वाच्या कागदांची आणि फोटोंची नक्कल तिच्यात ठेवता येते. ती कशी ठेवावी, हे आज शिकायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, कागद ट्रंकेत आहेत, फोटो मोबाइलमध्ये आहेत. आता ही आणखी एक ब्याद कशाला?" प्रश्न रास्त आहे. आधी त्याचेच उत्तर देतो.

शहाणा शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. एकीला कीड लागली, तर दुसरी शाबूत राहते. कागदांचेही तसेच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना महापूर आला. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत पाणी शिरले. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण आणि महाड येथे तेच झाले. पूर ओसरल्यावर भांडी धुऊन घेता येतात. भिजून लगदा झालेला दाखला धुऊन घेता येत नाही.

मोबाइलचाही भरवसा नाही. आमच्या वर्गात एक बाई येत. त्यांचे यजमान भजनात अभंग म्हणत. ते वारले. त्यांचा आवाज तेवढा बाईंच्या मोबाइलमध्ये उरला होता. दिवेलागणीला त्या तो ऐकत बसत. एके दिवशी धुणे धुताना मोबाइल ओढ्यात पडला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. बाई आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, मोबाइल दुसरा घेईन. पण आवाज कुठनं आणू?"

त्या आवाजाची नक्कल करून ठेवायला पाच मिनिटेदेखील लागली नसती. पण ती करता येते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून आज आम्ही तुम्हांला सांगत आहोत.

पेनड्राइव्ह म्हणजे काय?

पेनड्राइव्हच्या आत फिरणारे चाक नाही, शाई नाही, कागद नाही. आत एक लहानशी चकती असते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी कप्पे असतात. त्या कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. कुठल्या कप्प्यात किती भार आहे, यावरून कॉम्प्युटर अक्षरे आणि चित्रे वाचतो. बाहेरची वीज गेली तरी आतला भार जागच्या जागी राहतो. म्हणून पेनड्राइव्ह खिशात घालून गावोगाव नेता येतो.

अशा कप्प्यांची युक्ती जपानमधील तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी काढली. १९८४ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. पेनड्राइव्ह ज्या खाचेत बसतो तिला यूएसबी म्हणतात. तिचा पहिला नमुना १९९६ साली ठरला. ज्यांनी तो तयार केला त्यांत अजय भट्ट हे एक प्रमुख होते. ते बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. पुढे २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आले.

आता माप पाहू. धान्य पायलीने मोजतात. पेनड्राइव्ह 'जीबी'ने मोजतात. १ जीबी म्हणजे सुमारे १००० एमबी. मोबाइलने काढलेला एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. म्हणजे १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये तीन-चार हजार फोटो सहज मावतील. घरच्या कागदांना एवढा पुरे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावला, तर कॉम्प्युटर २९ च्या आसपास आकडा दाखवतो. दुकानदाराने लबाडी केली, असे लगेच समजू नका. कारखानदार हजाराने मोजतो, कॉम्प्युटर १०२४ ने मोजतो. पूर्वी एका बाजाराची पायली मोठी आणि दुसऱ्याची लहान असे, तसाच हा प्रकार आहे. मात्र फार मोठे माप फारच स्वस्तात कुणी देत असेल, तर घेऊ नका. वर आकडा मोठा आणि आत जागा थोडी, असा खोटा मालही विकला जातो. ओळखीच्या दुकानातून पावती घेऊनच खरेदी करा.

नक्कल कशी करावी?

कुणाच्या घरी नातवाचा लॅपटॉप असेल. कुणी सेवा केंद्रात जाईल. बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर विंडोज असते. तिथली रीत आम्ही सांगतो.

पहिले काम. कॉम्प्युटरच्या कळफलकावर चार तावदानांच्या खिडकीचे चित्र असलेली कळ शोधा. ती दाबून धरा आणि 'ई' अक्षराची कळ दाबा. हे इंग्रजी अक्षर तीन दात्यांच्या दंताळ्यासारखे दिसते. पडद्यावर एक चौकट उघडेल. डाव्या बाजूला नावांची यादी असेल. ती नीट पाहून ठेवा.

दुसरे काम. पेनड्राइव्ह खाचेत बसवा. तो एकाच बाजूने बसतो. बसला नाही तर उलटा करून पाहा. जोर लावू नका. आता यादीत एक नवे नाव आले असेल. तोच तुमचा पेनड्राइव्ह. कधी पडद्यावर 'फॉरमॅट' करायचे का, असे विचारले जाते. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. आत काही ठेवलेले असेल, तर हो म्हणू नका. आधी जाणकाराला दाखवा.

तिसरे काम. त्या नावावर माऊसने टिचकी मारा. पेनड्राइव्ह उघडेल. मोकळ्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबा. यादी येईल. तिच्यात 'न्यू' आणि मग 'फोल्डर' निवडा. फोल्डर म्हणजे दप्तर. त्याला लगेच नाव द्या. 'घरचे कागद' असे मराठीत नाव देता येते.

चौथे काम. ज्या कागदाची नक्कल हवी, तो कॉम्प्युटरमध्ये जिथे असेल तिथे जा. त्याच्यावर एकदा टिचकी मारा. त्याचा रंग बदलेल. आता 'कंट्रोल' ही कळ दाबून धरा आणि 'सी' दाबा. 'सी' हे अक्षर चंद्रकोरीसारखे असते. पडद्यावर काहीच हलणार नाही. घाबरू नका. कॉम्प्युटरने तुमचा कागद ध्यानात धरला आहे.

पाचवे काम. पेनड्राइव्हवरचे आपले दप्तर उघडा. पुन्हा 'कंट्रोल' दाबून धरा आणि 'व्ही' दाबा. 'व्ही' हे अक्षर तोंड वर केलेल्या उघड्या चिमट्यासारखे असते. काम मोठे असेल तर हिरवी पट्टी पुढे सरकताना दिसेल. ती पूर्ण होईपर्यंत थांबा. मग कागद दप्तरात दिसेल. नक्कल झाली.

अनेक कागद एकदम घ्यायचे असतील, तर 'कंट्रोल' दाबून धरून एकेकावर टिचकी मारा. मग बाकीचे काम तसेच.

इथे आमच्या वर्गातल्या एका आजोबांनी शंका काढली. ते म्हणाले, "गुरुजी, कागद तिकडं गेला. मग इकडं काय राहिलं?"

शंका मोलाची होती. चावडीवरून तुम्ही सातबाऱ्याचा उतारा आणता. म्हणून सरकारी दप्तरातला सातबारा नाहीसा होतो का? नाही. मूळ तिथेच राहते, उतारा तुमच्या हाती येतो. 'कॉपी' म्हणजे उतारा. पण यादीत 'कट' असाही एक शब्द असतो. 'कट' म्हणजे भाताची लावणी. रोप इथून उपटायचे आणि तिथे लावायचे. मूळ जागी काही उरत नाही. वाटेत वीज गेली, पेनड्राइव्ह निखळला, तर घोटाळा होऊ शकतो. म्हणून आपण 'कॉपी'च करावी.

सहावे काम. हे पुष्कळ लोक करत नाहीत आणि मग पस्तावतात. पेनड्राइव्हवरची नक्कल उघडून पाहा. नाव दिसते म्हणजे आत मजकूर आहेच, असे नाही. उघडा, वाचा. दहा कागद घेतले असतील तर दहा मोजा. पोते गाडीत चढवल्यावर आपण मोजतोच ना?

सातवे काम. पेनड्राइव्ह एकदम ओढून काढू नका. उघडलेले कागद मिटा. यादीत पेनड्राइव्हच्या नावावर माऊसची उजवी कळ दाबा आणि 'इजेक्ट' निवडा. काढायला हरकत नाही, असा निरोप आला की मग काढा. पट्टी संपली तरी कॉम्प्युटरचे थोडे लिहिणे मागे राहिलेले असू शकते. शाई ओली असताना वही मिटली तर अक्षर फिसकटते. तसेच हे.

मोबाइलमधले फोटो आणि आवाजही असेच घेता येतात. मोबाइल तारेने कॉम्प्युटरला जोडा. मोबाइलवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा. मग मोबाइलही त्याच यादीत दिसतो. दोन तोंडांचा पेनड्राइव्हही मिळतो. त्याचे एक तोंड कॉम्प्युटरला आणि दुसरे सरळ मोबाइलला बसते.

नाव द्यायला विसरू नका

कॉम्प्युटर फोटोला स्वतःहून जे नाव देतो, ते नुसते लांबलचक आकडे असतात. शंभर आकड्यांतून आईचे आधारकार्ड कसे शोधणार? म्हणून प्रत्येक कागदाला आपण नाव द्यावे. कागदावर एकदा टिचकी मारा आणि वरच्या ओळीतली 'एफ २' ही कळ दाबा. जुने नाव पुसून नवे लिहा. 'आईचे आधार', 'गट नंबरचा सातबारा', 'थोरलीचा शाळेचा दाखला', 'बँकेचे पासबुक', असे लिहा. मराठी अक्षरे कशी उमटवायची, ते केंद्रातल्या पोराकडून एकदा शिकून घ्या.

मंडळी, वर्षभरापूर्वी तुमच्यापैकी कितीतरी जण अंगठा उठवत होते. कोणता कागद कशाचा, हे दुसऱ्याला विचारत होते. आज तुम्ही आपल्या कागदाचे नाव वाचू शकता. मग ते नाव दुसऱ्याने का द्यावे?

जपणूक

पेनड्राइव्हला सहसा कुलूप नसते. ज्याच्या हाती पडेल, तो सगळे वाचू शकतो. म्हणून तो दागिन्यासारखा जपा. बँकेचा पिन आणि गुप्त शब्द त्यात लिहून ठेवू नका.

केंद्रात किंवा दुकानात काम केले असेल, तर तिथल्या कॉम्प्युटरवर उरलेले आपले कागद आपल्यासमोर पुसायला सांगा. कचऱ्याची टोपलीही रिकामी करायला सांगा. यात राग मानण्यासारखे काही नाही. कागद तुमचे आहेत.

उलट पेनड्राइव्हवरून काही पुसले, तर ते सहसा टोपलीत जात नाही, सरळ नाहीसे होते. पुसण्यापूर्वी दोनदा वाचा.

रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावू नका. त्यातून रोग येतो. २०१० साली स्टक्सनेट नावाचा असा एक रोग उघडकीस आला. तो पेनड्राइव्हमधून एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत असे. आपला पेनड्राइव्ह परक्या कॉम्प्युटरला लावला असेल, तर घरी रोग तपासणारा प्रोग्राम आधी चालवून घ्या.

पेनड्राइव्ह अमर नाही. तो हरवतो, पाण्यात पडतो, कधी न सांगता बंद पडतो. वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला, तर आतला विजेचा भारही झिरपत जातो. म्हणून वर्षातून एक-दोनदा लावून पाहा. आणि नक्कल एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका. एक घरी असू द्या, दुसरा सासरी गेलेल्या मुलीकडे किंवा शहरातल्या भावाकडे असू द्या. दोन गावांना एकाच रात्री पूर यावा, असे क्वचितच घडते. सरकारची डिजिलॉकर ही सोयही २०१५ पासून आहे. तिचाही उपयोग करावा. मात्र तिला इंटरनेट लागते. पेनड्राइव्हला लागत नाही.

आणि नक्कल झाली म्हणून मूळ कागद टाकून देऊ नका. उतारा मिळाला म्हणून कुणी जमिनीचे खरेदीखत चुलीत घालत नाही.

आता घरी गेल्यावर एवढे करा. वहीचे एक पान घ्या. गेले तर पुन्हा मिळायचे नाही, असे आपल्या घरात काय काय आहे, त्यातल्या पाच गोष्टींची नावे लिहा. कुणी सातबारा लिहील, कुणी दाखला लिहील. कुणी वडिलांचा एकुलता एक फोटो लिहील. ती वही पुढच्या वर्गाला घेऊन या. कॉम्प्युटर आम्ही मागवून ठेवला आहे. यादीतल्या पहिल्या कागदाची नक्कल ज्याने त्याने आपल्या हाताने करायची. आम्ही शेजारी उभे राहू, पण कळ तुम्हीच दाबायची.