बैल जुंपलेली मोटार आणि तिचा धनी



नागपूरजवळच्या वाडींत, अमरावतीच्या सडकेलगत माझें घर आहे. मालमोटारींची वर्दळ तेथें रात्रींही थांबत नाहीं. मी शिक्षक असतांना एकदां वर्गांत बैलांनीं ओढलेल्या एका मोटारीची गोष्ट सांगितली. तेव्हां एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, बैलच ओढतात, तर मग ती मोटार कसली?” वर्ग हंसला, मीही हंसलों. परंतु उत्तर कांहीं मला देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा प्रयत्न करतों.

ती मोटार वर्ध्याची, आणि तिचे धनी शेठ जमनालाल बजाज. त्यांचा जन्म १८८९ सालीं राजस्थानांतील सीकरजवळच्या एका खेड्यांत झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांच्या घराण्यांत ते लहानपणींच दत्तक आले. सरकारनें त्यांना रायबहादुर केलें. असहकाराच्या चळवळींत ती पदवी त्यांनीं परत केली. १९२० सालीं नागपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें, त्याच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. आपणांस पांचवा मुलगा मानावें, एवढेंच मागणें त्यांनीं गांधीजींजवळ मागितलें. १९२८ सालीं वर्ध्याचें आपलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर त्यांनीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुलें केलें. स्वकीयांचा रोष पत्करून केलेलें हें काम होतें.

पुढें १९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगांवीं राहावयास गेले. त्याच गांवास पुढें १९४० सालीं सेवाग्राम हें नांव मिळालें. वर्ध्याहून तें अवघें आठ किलोमीटर. पण मुलूख काळ्या मातीचा. पावसाळ्यांत ही माती चाकाला अशी बिलगते कीं, गाडी जागच्या जागीं रुतून बसते. या वाटेसाठीं जमनालालजींनीं आपल्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले. इंग्रजींत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात. तेव्हां ‘ऑक्स’ आणि ‘फोर्ड’ मिळून गाडीचें नांव पडलें ‘ऑक्सफर्ड’! विलायतेचें विद्यापीठ असें वर्ध्याच्या चिखलांत अवतरलें.

कोणी म्हणेल, हा यंत्राचा द्वेष झाला. तसें मानण्यास आधार नाहीं. हेच जमनालालजी कापसाचे मोठे व्यापारी होते, आणि १९३१ सालीं गोला गोकर्णनाथ येथें त्यांनीं साखरेचा कारखाना काढला होता. यंत्राचें मोल ते जाणून होते. रबरी धावांचीं चाकें आणि कमानी असलेल्या गाडींत लोखंडी धावांच्या बैलगाडीपेक्षां हिसके कमी बसतात, हें बसणाराही जाणतो आणि ओढणारा बैलही! मोटारींतलें उपयोगी तेवढें ठेवून, वाटेला जें मानवेल तें बळ त्यांनीं तिला जोडलें.

खुद्द हेन्री फोर्डची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९०८ ते १९२७ या काळांत ‘मॉडेल टी’ या एकाच नमुन्याच्या दीड कोटी गाड्या त्याच्या कारखान्यानें काढल्या. त्याच फोर्डनें १९४१ सालीं गांधीजींस आदराचें पत्र लिहिलें, आणि उत्तरादाखल गांधीजींनीं त्यास स्वाक्षरी केलेला चरखा पाठविला. अमेरिकेचा चरखा आणि वर्ध्याची फोर्ड, दोन्हीं वस्तू आपापल्या मुलखाबाहेर जाऊन बसल्या.

१९४१ सालीं जमनालालजींनीं गोसेवेचें काम अंगावर घेतलें. पण ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वर्ध्यास त्यांचें निधन झालें. वय अवघें बावन्न. पुढें त्यांच्याच घराण्यानें दुचाकी आणि तीनचाकी वाहनांचा कारखाना काढला, व बजाजची स्कूटर मध्यमवर्गीयांच्या दाराशीं उभी राहिली. यांत मला विसंगति दिसत नाहीं.

आतां त्या मुलाचें उत्तर. बाळ, ती मोटार होती कीं बैलगाडी, याचा निवाडा मी अजूनही करूं शकत नाहीं. एवढें मात्र सांगतों: ऐपतीचा माणूस बहुधा आपल्या गाडीसाठीं रस्ता बदलवून घेतो, या धन्यानें रस्त्यासाठीं गाडी बदलली. आमच्या सडकेवरून रात्रीं मालमोटारी धडधडत जातात, तेव्हां मला त्या बैलांच्या गळ्यांतील घुंगरांची कल्पना करावीशी वाटते, आणि तुझा प्रश्न आठवतो.