काडी, नळी आणि कैची



शाळा आम्ही चौथीत सोडली. पुढचे शिक्षण जिनात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तरी मुलांना विज्ञान व कला शिकवणाऱ्यांविषयी आज बोलणार आहो.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १९७२ साली प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम निघाला. पुण्याच्या टेल्को कारखान्यातले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली वर्षाची रजा काढून तेथे गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. नळीचे तुकडे म्हणजे सांधे. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. काड्यांचे घर झाले की मूल त्याला कागदाची भिंत लावते, ती रंगवते. विज्ञान कोठे संपले आणि कला कोठे सुरू झाली, कोणी सांगावे?

सुर्जीतल्या एका वस्तीत आमच्या ओळखीच्या तरुणाने हा त्रिकोण केला. एक पोर ओरडली, "हे तं बाबाच्या जिनातल्या कैचीवानी हाये!" बाप दाराशीच होता. छपराची कैची वजन कशी पेलते, हे मग त्यानेच मुलांना सांगितले. तीस वर्षांत त्याला कोणी काही विचारले नव्हते.

तो तरुण मात्र मानधनावर राबतो, किराणा उधार. मान दिसतो, धन कोठे आहे, असे आम्ही त्याच्या संस्थेच्या बैठकीत विचारले. चिटणीस म्हणाले, "भाऊ, ही काही गिरणी नव्हे."

"गिरणीत निदान हजेरीपुस्तक असते," आम्ही म्हणालो.

हजेरीपुस्तक आले आहे. पगाराचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि त्या बैठकीला आम्ही जाणार आहो.