दीर्घ अंधार आणि आपली नोंदवही

(वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत विजेचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु हा विषय आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. देशाच्या वीजविकासाची आखणी करण्यासाठी १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. स्वस्त आणि मुबलक वीज नाही तर उद्योग नाहीत, आणि उद्योग नाहीत तर गरिबाची दैन्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे वीज हा त्यांच्या दृष्टीने चैनीचा नव्हे, तर माणसाच्या मुक्तीचा प्रश्न होता. ज्या वस्तूवर आपले सारे जीवन आज उभे आहे, ती वस्तू एक दिवस नव्हे तर पंधरा दिवस, महिना, सहा महिने मिळालीच नाही तर काय करायचे, याचा विचार करणे हे त्यांच्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे, असे आम्ही मानतो.

भारनियमन आपण सर्वांनी भोगले आहे. परंतु भारनियमनाला वेळापत्रक असते, वीज येणार हे माहीत असते. आज आपण बोलत आहोत ते वेगळ्या संकटाविषयी.

३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवसांची आठवण करून देतो. ३० तारखेला पहाटे उत्तरेची वीजजाळी कोसळली. ती उभी राहते न राहते तोच दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही जाळ्या कोसळल्या. देशातील सुमारे ६० कोटी लोकांचा प्रदेश विजेवाचून राहिला. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. पश्चिम बंगाल आणि झारखंडमधील कोळशाच्या खाणींत शेकडो कामगार खाली अडकले. सुदैवाने सर्व जण सुखरूप वर आले. पण ज्यांच्या घामाने वीज तयार होते, तेच वीज जाताच पहिले अडकतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच कोळसापट्ट्यात, धनबादला, १९४३ साली बाबासाहेब स्वतः खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहून आले होते.

महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळीत असल्याने २०१२ साली आपण वाचलो. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली. लोकल गाड्या थांबल्या, रुग्णालयांची धावपळ झाली. बाहेरची जाळी कोसळली तरी मुंबई अलग होऊन उजळत राहावी, अशी व्यवस्था अनेक वर्षांपूर्वीच केलेली होती. त्या दिवशी ती टिकली नाही. काही तासांत वीज आली, म्हणून आपण तो दिवस विसरलो. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. हजारो खांब आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे तो मंडणगड, या भागांतील अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. कोरोनाचा काळ, भर पावसाळा आणि घरावर कौले नाहीत! कोकणातील आपल्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

वीज परत यायला इतका वेळ का लागतो? विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राला स्वतः सुरू होण्यासाठीच वीज लागते. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, पाण्याचे पंप, मोठाले पंखे, सारे विजेवर. म्हणून सर्व काही बंद पडले की आधी जलविद्युत केंद्रे सुरू करायची, त्यांची वीज औष्णिक केंद्रांना पोचवायची आणि मग एकेक भाग जपून जोडायचा. यंत्रे शाबूत असली तर हे काम तासांचे किंवा दिवसांचे. परंतु मनोरे पडले, मोठी रोहित्रे जळाली, तर गोष्ट निराळी. ही रोहित्रे बाजारात तयार मिळत नाहीत. मागणीप्रमाणे घडवावी लागतात आणि त्याला अनेक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ लागतो.

असा दीर्घ अंधार जगाने प्रत्यक्ष पाहिला आहे. कॅरिबियन समुद्रात प्वेर्तो रिको नावाचे बेट आहे. ते अमेरिकेच्या ताब्यात आहे. त्या वेळी तेथील लोकसंख्या सुमारे ३३ लाख होती. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया नावाचे चक्रीवादळ तेथे धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. वीजमंडळ आधीच दिवाळखोरीत, यंत्रसामग्री जुनी, मोठी वीजकेंद्रे दक्षिणेला आणि मोठी शहरे उत्तरेला. मध्ये डोंगर, आणि तारा त्या डोंगरांवरून गेलेल्या. एका दिवसात संपूर्ण बेटाची वीज गेली. मोबाइलचे सुमारे ९५ टक्के मनोरे बंद पडले. अखेरच्या घरांपर्यंत वीज पोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. आणि हा प्रदेश जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या छत्राखालचा!

त्या वादळात माणसे किती गेली? सरकारने अधिकृत आकडा दिला ६४. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने मृत्युनोंदी तपासल्या. एरवी जितके मृत्यू होतात त्याहून सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात किती अधिक झाले, हे मोजले. आकडा निघाला २,९७५. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने तो स्वीकारला.

मित्रहो, ६४ आणि २,९७५ या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, तोच आजच्या भाषणाचा विषय आहे. मधली माणसे वाऱ्याने मेली नाहीत. वाऱ्यानंतरच्या अंधाराने मेली. कुणाचे डायलिसिस चुकले. कुणाचे श्वासाचे यंत्र बंद पडले. कुणाचे इन्सुलिन उन्हाळ्यात बिघडले. व्हिएकेस नावाच्या शेजारच्या लहान बेटावरचे रुग्णालय निकामी झाले, तेव्हा तेथील मूत्रपिंडाच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा विमानाने मोठ्या बेटावर न्यावे लागले. अशी माणसे गेली तेव्हा दाखल्यावर आजाराचे नाव लिहिले गेले, अंधाराचे नाही. म्हणून ती मोजणीत आली नाहीत.

याच पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. गरीब वस्तीच्या नगरांत मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी अधिक होता, आणि इतरत्र तो ओसरल्यावरही तेथे टिकून राहिला. वादळ जातपात, श्रीमंती-गरिबी पाहत नाही असे आपण म्हणतो. वादळ पाहत नसेल, पण वादळानंतरची व्यवस्था पाहते. ज्यांची गणती आधी नव्हती, त्यांची गणती नंतरही झाली नाही. हे दुःख आपल्या समाजाला नवे आहे काय?

आता याच बेटावरची दुसरी बाजू पाहू. डोंगरात आदहुंतास नावाचे लहान गाव आहे. १९८० साली तेथे तांब्याच्या खाणीविरुद्ध लोक एकत्र आले. त्यांनी एक जुने घर घेतले आणि त्याला नाव दिले ‘कासा प्वेब्लो’, म्हणजे लोकांचे घर. स्वतःची कॉफी विकून ते संस्था चालवतात. १९९९ साली त्यांनी आपल्या घरावर सोलर पॅनेल बसवली. मारियानंतर सारे बेट काळोखात असताना या एका घरात दिवे होते. गावकरी तेथे येऊन फोन भरून घेत, औषधे थंड ठेवत, श्वासाची यंत्रे चालवत. संस्थेने हजारो सौरकंदील वाटले. पुढे तिने गावातील किराणा दुकान, न्हाव्याचे दुकान, रुग्णांची घरे अशी एकेक जागा सौरविजेवर आणली. सप्टेंबर २०२२ मध्ये फिओना वादळाने पुन्हा सगळ्या बेटाची वीज घालवली, तेव्हाही ‘लोकांचे घर’ उजळलेलेच होते.

हे घर सरकारने बांधलेले नाही. वर्गणी, श्रमदान आणि विश्वास यांवर ते उभे आहे. आता आपल्या विहाराकडे पाहा. विहारही वर्गणी, श्रमदान आणि विश्वासावरच उभा राहिला ना? मग विहार हे आपल्या वस्तीचे ‘लोकांचे घर’ का होऊ नये?

यासाठी काय करावे, हे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट नोंदवही. आम्ही बँकेत नोकरी करतो. तेथे एक गोष्ट रोज दिसते. जे नोंदीत नसते, ते हिशेबात येत नाही. संस्थेने वस्तीतील घरोघर जाऊन एक वही करावी. कोणाला इन्सुलिन लागते, कोणाचे डायलिसिस चालू आहे आणि कोणत्या वारी, कोण ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे, कोण अंथरुणाला खिळलेले, कोण गरोदर, कोण एकटे वृद्ध, कोणत्या मजल्यावर राहतात, आणि त्यांच्याकडे कोण जाणार. पुनर्वसनाच्या उंच इमारतीत लिफ्ट आणि पंप बंद पडले की चौदाव्या मजल्यावरची आजी घरातच कैद होते. प्रत्येक नावापुढे शेजारच्या दोन तरुणांची नावे असावीत. माहिती खासगी आहे, म्हणून वही दोघा जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात राहावी. ती कागदावरच हवी, कारण मोबाइल बंद पडल्यावर मोबाइलमधील यादीचा उपयोग नाही. दर सहा महिन्यांनी ती ताजी करावी.

दुसरी गोष्ट पाणी. वीज गेली की नळपाणी योजनेचा पंप थांबतो, पंप थांबला की लोक मिळेल ते पाणी पितात, आणि त्यातून रोगराई येते. एका कारणातून दुसरे कार्य कसे उपजते, हे आपल्याला प्रतीत्यसमुत्पादाने शिकवलेच आहे. साखळी पहिल्या कडीपाशी तोडावी. गावातील हातपंप नादुरुस्त म्हणून उपटून टाकू नये, दुरुस्त करून चालू ठेवावा. विहीर उपसून स्वच्छ ठेवावी. पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी लागते, असा हिशेब धरावा. क्लोरीनच्या गोळ्या विहारात असाव्यात.

तिसरी गोष्ट विजेची. छतावर सोलर आहे म्हणजे वीज राहीलच, हा समज चुकीचा आहे. जाळीला जोडलेली साधी सौरयंत्रणा बाहेरची वीज जाताच आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तशी योजना असते. बॅटरी आणि तसा इन्व्हर्टर असेल तरच उजेड राहतो. १ किलोवॅटची पॅनेल आपल्याकडे उन्हाच्या दिवशी साधारण ४ युनिट वीज देतात, पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. एक लहान फ्रिज दिवसाला सुमारे १ युनिट घेतो. पन्नास मोबाइल भरायला १ युनिटसुद्धा लागत नाही. म्हणजे औषधांचा फ्रिज, वस्तीचे फोन, अभ्यासाचे दिवे आणि नेब्युलायझर एवढे भागू शकते. ऑक्सिजनचे यंत्र मात्र दिवसरात्र चालवायचे तर एकट्यालाच ७-८ युनिट लागतील. तो रुग्ण पहिल्याच दिवशी रुग्णालयात हलवावा. हे आधी ठाऊक हवे, म्हणूनच नोंदवही पहिली. जनरेटर वापरलाच तर तो कधीही घरात, जिन्याखाली किंवा खिडकीजवळ लावू नये. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील टेक्सासमध्ये थंडीत वीज गेली, तेव्हा बंद जागेत साठलेल्या विषारी धुराने माणसे दगावली.

चौथी गोष्ट पैसा. आज भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेतो. वीज आणि नेटवर्क गेले की हा व्यवहार थांबतो आणि एटीएमही काही तासांत बंद पडते. मारियानंतर प्वेर्तो रिकोत सारा बाजार रोखीवर आला आणि नोटांसाठी रांगा लागल्या. घरात आठवड्याच्या खर्चापुरत्या लहान नोटा असाव्यात. हातावर पोट असणाऱ्यांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी संस्थेने धान्याचा छोटा साठा ठेवावा आणि आपल्या किराणा दुकानदाराशी वहीवर उधारीचे आधीच ठरवून घ्यावे.

पाचवी गोष्ट मागणीची. सारे आपणच करायचे, असा याचा अर्थ नव्हे. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले आहे. आपल्या सरकारी रुग्णालयातील जनरेटरला किती दिवसांचे तेल आहे, पाणीपुरवठ्याच्या पंपाला पर्यायी वीज आहे का, आपत्ती आराखड्यात आपल्या वस्तीचे नाव आहे का, हे प्रश्न ग्रामसभेत, प्रभाग कार्यालयात आणि तहसीलदारांकडे लेखी विचारावेत. उत्तर लेखी घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, यातील पहिले काम तुमचे आहे. येत्या तीन रविवारी वही पूर्ण होऊ शकते. वर्षातून एक दिवस संध्याकाळी सहा ते सकाळी सहा मुख्य कळ बंद करून विहारात सराव करा. काय कमी पडते ते एका रात्रीत कळेल.

भगवान बुद्ध एकदा एका विहारात गेले असता एक आजारी भिक्खू आपल्याच मळात पडलेला त्यांना आढळला. कोणी त्याची विचारपूस करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, पुसले, खाटेवर निजवले. मग भिक्खूंना जमवून त्यांनी बजावले की तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? संघ जवळ असूनही तो भिक्खू एकटा पडला, कारण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. प्वेर्तो रिकोची ती हजारो माणसेही अशीच एकटी पडली.

आपल्या वस्तीत उद्या असा अंधार आला, तर कोणाच्या दारावर पहिली थाप मारायची, हे आपल्याला आजच माहीत असले पाहिजे. संस्थेच्या कार्यकारिणीने या वहीचा ठराव आजच्या आज करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!