परगावी गेलेल्यांची गाणी
(ग्रामदैवताच्या मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



ग्रामदैवताच्या कृपेने मंदिराचे काम तडीस गेले. कळस चढला, सभामंडप उभा राहिला आणि मंडपाच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसली. दर्शन घेऊन झाले की प्रत्येकाची पावले आपोआप त्या पाटीकडे वळतात. बोट फिरवून आपले नाव शोधले जाते, नाही तर वडिलांचे. यात गैर काहीच नाही. माणूस पोटासाठी कोठेही जावो, त्याचे नाव गावच्या भिंतीवर असावे असे त्याला वाटते, कारण त्याचा जीव येथेच गुंतलेला असतो.

परंतु पाटीवर नाव आणि रक्कम एवढेच मावते. तो माणूस गाव सोडून का गेला, कोणाच्या सोबतीने गेला, जाताना कोणाच्या हवाली काय ठेवून गेला, हे पाटीवर मावत नाही. ते गाण्यात मावते. म्हणूनच या सोहळ्याच्या निमित्ताने भजनी मंडळातील तरुणांनी गावातून बाहेर गेलेल्या आणि बाहेरून गावात येऊन राहिलेल्या घराण्यांवर गाणी रचावीत, अशी जी सूचना पुढे आली आहे ती अत्यंत स्तुत्य आहे. ती अमलात आणायची कशी, याविषयी चार शब्द बोलणे आजच्या प्रसंगी उचित ठरेल.

खऱ्या घरांची गाणी ही काही नवीन गोष्ट नाही. आपल्या आयाबहिणी पिढ्यान् पिढ्या तेच करीत आल्या. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी गाई, तेव्हा तिच्या ओवीत भाऊ असे तो तिचाच भाऊ, नावानिशी. बाप असे तो तिचाच बाप, गाव असे ते तिच्याच माहेरचे गाव. परगावी गेलेल्या धन्याची वाट पाहणे, भावाने न्यायला येणे, सासरची वाट चालताना मागे वळून बघणे, हे सारे तिने जात्याला सांगितले. विचार केला तर प्रत्येक घरातून पहिली परगावी जाते ती लेक. तिचे गाणे तिने स्वतः रचले, कारण ते दुसऱ्या कोणी रचले नसते. पिठाची गिरणी आली, जाती थांबली आणि ओव्याही थांबल्या. हेमा रायरकर व गी प्वातव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा हजारो ओव्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासह टिपून ठेवल्या, हे मोठे उपकार झाले.

पुढे गिरण्या, गोदी आणि बाजारपेठा यांच्या ओढीने घाटावरची व कोकणातली माणसे मुंबईला गेली. त्यांचा शाहीरही त्यांच्यातूनच निघाला. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे लहानपणी आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले. मिळेल ते काम केले, गिरणीतही राबले. त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गाजली. त्या छक्कडीत गावी राहिलेल्या घरधनिणीचा विरह आणि महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाचा विरह एकत्र बांधलेला आहे. त्या मैनेचे खरे नाव कोणी विचारले नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला तेथे आपल्याच घरचे माणूस दिसत होते. तेथे नाव नसणे हेच योग्य होते.

पण एखाद्याचे नाव कोणी विचारलेच नाही आणि म्हणून ते गाण्यात आले नाही, असेही घडते. त्याचे उदाहरण आपल्या मुलखातले नाही, दूर अमेरिकेतले आहे. मात्र ते आपल्या कामाचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेस कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथील फळबागांतून व भाजीच्या मळ्यांतून काम करण्यासाठी शेजारच्या मेक्सिको देशातून मजूर येत. १९४२ पासून १९६४ पर्यंत तर दोन्ही सरकारांच्या कराराने लाखो मजूर आणले गेले. हंगाम संपला, कराराची मुदत भरली, अथवा कागद नाही असे आढळले, की त्यांना परत धाडीत. २८ जानेवारी १९४८ रोजी अशाच अठ्ठावीस मजुरांना घेऊन निघालेले विमान लॉस गॅटोस नावाच्या दरीत कोसळले. विमानावरील तिघे व सरकारी पहारेकरी धरून एकूण बत्तीस माणसे मृत्युमुखी पडली. दूरच्या शहरांत जी बातमी पोचली तीत त्या चौघांची नावे होती. मजुरांचा उल्लेख फक्त 'हद्दपार केलेले' असा होता. फ्रेस्नो शहरातील कब्रस्तानात त्यांना एकाच खड्ड्यात पुरले, आणि वर दगड बसवला त्यावर इतकेच कोरले की अठ्ठावीस मेक्सिकन नागरिक येथे आहेत.

वुडी गथ्री नावाचा एक लोकगायक त्या काळी न्यूयॉर्कला राहत असे. तो स्वतः दुष्काळात देशोधडीला लागलेल्या मुलखातला. ही बातमी वाचून तो अस्वस्थ झाला आणि त्याने एक कवन लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते, की ज्यांनी पिकवलेली फळे आपण खातो, त्यांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक असू नयेत काय? पुढे सुमारे दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन या शिक्षकाने त्याला चाल लावली, आणि 'डिपोर्टी' या नावाने ते गाणे जगभर गेले. गथ्रीला मजुरांची खरी नावे मिळाली नव्हती. म्हणून त्याने गाण्यात त्या समाजात नेहमी आढळणारी चार नावे घातली. नावे कोठे गेली असे विचारणाऱ्या गाण्यातच खरी नावे नव्हती. परंतु ते गाणे नसते तर पुढे ती शोधायला कोणी गेलेच नसते.

शोधायला गेला तो शेतमजुरांच्याच घरात जन्मलेला एक लेखक, टिम हर्नांडेझ. त्याने कब्रस्तानाच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने जुनी दप्तरे उघडली. नावे होती, पण लिहिणाऱ्याला मजुरांची भाषा येत नसल्याने ती वेडीवाकडी लिहिली गेली होती. एकेक नाव पारखून नीट करावे लागले. अखेर २०१३ साली, म्हणजे पासष्ट वर्षांनंतर, त्याच जागी नवा दगड बसला आणि त्यावर अठ्ठावीसही नावे कोरली गेली. हर्नांडेझ तेवढ्यावर थांबला नाही. मेक्सिकोतील खेड्यांत जाऊन तो त्या घरांतील माणसांना भेटला, त्यांच्या आठवणी त्याने ऐकल्या आणि २०१७ साली त्यावर पुस्तक लिहिले. गाणे प्रथम आले, दप्तर नंतर उघडले आणि घराचा उंबरठा सर्वांत शेवटी ओलांडला गेला. आपल्या तरुणांनी हा क्रम उलटा करावा, एवढेच सांगणे आहे. आधी घर, मग दप्तर आणि नंतर गाणे.

दप्तराचे महत्त्व मॉरिशसमधील आपल्या मराठी बांधवांना विचारावे. १८३४ पासून पुढील ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत सुमारे पाच लाख हिंदी मजूर उसाच्या मळ्यांसाठी करारावर त्या बेटाकडे गेले. बहुतेक बिहार व उत्तर प्रदेशाकडचे होते, परंतु मुंबई बंदरातूनही बोटी सुटल्या आणि त्यांतून मराठी माणसे गेली. पोर्ट लुईस बंदरात उतरले की सोळा पायऱ्या चढून नोंदणीच्या ठिकाणी जावे लागे. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ साली ती जागतिक वारशाच्या यादीत आली. नोंदवहीत मजुराला क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, बोटीचे नाव असा तपशील लिहिला जाई. मराठी उच्चार कानाला परके असल्याने गावांची नावे कशीबशी लिहिली गेली. तरीही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या या वह्यांवरून पाचव्या-सहाव्या पिढीची माणसे आपल्या मूळ पुरुषाचे गाव शोधतात. दुसरीकडे त्याच मराठी घरांनी भजन, गणेशोत्सव आणि कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी झाकरी टिकवून ठेवली. वहीने गावाचे नाव राखले आणि गाण्याने बोली राखली.

आता आपल्या गावाकडे वळू.

गाणे रचू इच्छिणाऱ्याने प्रथम त्या घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे, आणि शक्यतो म्हातारीपाशी. पुरुष साल सांगतो, बाई प्रसंग सांगते. पेटीत काय बांधून दिले, एस. टी. हलली तेव्हा कोण धावले, पहिली मनिऑर्डर कोणी वाचून दाखवली, हे तिच्या लक्षात असते. 'घर हलाखीत होते' या एका ओळीपेक्षा गहाण पडलेल्या एका भांड्याची आठवण अधिक बोलते.

नंतर कागद पाहावा. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव कोणत्या इयत्तेत कमी झाले ते कळते, आणि बहुधा ते घर गावातून उठल्याचे सालही तेच असते. फेरफार नोंदवहीत वारसांची नावे असतात, कोण 'परगावी' आहे त्याचा उल्लेख असतो, कर्जाचा बोजा कधी चढला आणि कधी उतरला तेही असते. जुन्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी सापडतात. त्या मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्या जाणत्या माणसाची मदत घ्यावी, अंदाजाने नाव लावू नये. आणि हक्कसोडाच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे घरातील लेकींची नावे मिळतात. त्यानंतर त्या घराच्या कोणत्याच कागदात ती पुन्हा दिसत नाहीत. दोन ओळींचे का होईना, त्या लेकीचे नाव गाण्यात यावे.

आठवण आणि कागद यांचा मेळ बसला नाही तर घाई करू नये. पुन्हा विचारावे. तरीही मेळ बसला नाही, तर गाण्यात 'आजी असे सांगते' म्हणावे. त्याने गाण्याला उणेपणा येत नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. सर्वच घरे वाजतगाजत गेली नाहीत. कोणी सावकाराच्या तगाद्यापायी रातोरात गेले, कोणी दुष्काळात गुरे विकून गेले, कोणाला गावाने पाण्यावरून आणि शिवाशिवीवरून इतके जाच केले की जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे पगार बंद झाल्यावर कितीतरी कुटुंबे गावाकडे परतली, आणि ज्यांना कालपर्यंत 'मुंबईकर' म्हणून पाट मिळत होता त्यांच्याकडे लोक बोट दाखवू लागले. ही गाणी कोणी रचायची? रचायची तर त्या घराला आधी वाचून दाखवावी. 'हे गाऊ नका' असे घरातील कोणी म्हटले, तर ती ओळ काढून टाकावी. मात्र गावाच्या हातून झालेला अन्याय गावानेच गाळू नये. घराची अब्रू घराने राखायची असते, गावाची चूक मात्र गावाने कबूल करायची असते.

त्याचप्रमाणे आपल्या गावात आलेल्यांनाही विसरू नये. बांधकामावर, वीटभट्टीवर, उसाच्या तोडीला जी माणसे दरसाल येतात, त्यांतील काही येथेच राहिली, त्यांची मुले येथल्याच शाळेत शिकली. मंदिराचे दगड घडवणारे हातही परगावचेच असतात. ते कोणाकोणाचे, त्यांचे गाव कोणते, हे आजच विचारून लिहून ठेवले, तर पन्नास वर्षांनी कोणाला दप्तरे धुंडाळावी लागणार नाहीत.

शेवटची विनंती सर्वांना, विशेषतः देणगीदार बंधूंना आहे. पाटीवरील नावांचा क्रम रकमेप्रमाणे लागला आहे, आणि तशी रीतच आहे. गाण्यांचा क्रम मात्र तसा लागू नये. मोठ्या देणगीचे मोठे गाणे आणि लहान देणगीचे लहान, असे झाले तर तो पोवाडा न होता पावती होईल. ज्या घराला दार उरले नाही, ज्याच्या जोत्यावर आज बाभळी उगवल्या आहेत, ज्यांच्याकडून वर्गणीचा एक रुपयाही आला नाही कारण निरोप पाठवायला पत्ताच नव्हता, त्या घराचे गाणे तरुणांनी आधी हाती घ्यावे. त्या जोत्यावर कोण राहत होते हे सांगणारी दोन-तीन वृद्ध माणसे अजून गावात आहेत. त्यांच्यापाशी बसायला उद्याच जावे, कारण त्यांचे वय थांबणारे नाही.

ग्रामदैवताने या कामाला यश द्यावे, परगावच्या लेकरांना सुखरूप ठेवावे आणि ज्यांची वाट आपण विसरलो त्यांनाही आपल्या दारी पुन्हा ओळख द्यावी, एवढीच प्रार्थना करून हे चार शब्द येथे संपतात.

जय हिंद, जय महाराष्ट्र.