वादळात नेणारे आईबाप



पाहुण्याने मुलांना चार गोष्टी सांगायच्या आणि पालकांनी मागच्या रांगांत बसून टाळ्या वाजवायच्या, अशी या पदवीदान समारंभाची रीत. मी आज मागच्या रांगांकडेही बघून बोलणार आहे. कारण जिच्याविषयी बोलायचं ठरवून आले, त्या चित्रकार-लेखिका तूवे यान्सनच्या चित्रांत तिच्या आईबापांचा वाटा मोठा आहे.

तूवेचा जन्म १९१४चा, हेलसिंकीतला. पाणघोड्यासारख्या तोंडाचं तिचं ‘मूमिन’ कुटुंब तुमच्यापैकी काहींनी पुस्तकांत नाही तरी कॉफीच्या मगावर पाहिलं असेल. वडील व्हिक्टर शिल्पकार, आई सिग्ने चित्रकार. शिल्पांना गिऱ्हाईक बेताचंच. घर चालायचं ते बरंचसं आईच्या हातावर: मुखपृष्ठं, व्यंगचित्रं, फिनलंडची टपाल तिकिटं. (शिल्पकला विभागातल्यांनी मनाला लावून घेऊ नये.) ही सिग्ने स्टॉकहोमच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी. घोड्यावर बसणारी, बंदूक चालवणारी, स्वीडनमध्ये मुलींची स्काउट चळवळ उभी करणाऱ्यांपैकी एक.

दर उन्हाळ्यात हे कुटुंब हेलसिंकीच्या पूर्वेला, पेलिंकीच्या बेटांवर राहायला जायचं. व्हिक्टर फिनलंडच्या १९१८च्या यादवी युद्धात लढून आले होते आणि त्यानंतर पूर्वीचे राहिले नव्हते. गप्प, करडे. पण वादळ उठलं की स्वारी खुलायची, घरच्यांना होडीत घालून समुद्रावर निघायची. आता हे ऐकून आपल्यातले निम्मे पालक कपाळाला हात लावतील, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलीच्या मनात काय जमा झालं ते बघा. १९४५च्या पहिल्या मूमिन पुस्तकात महापूर. १९४६च्या दुसऱ्यात धूमकेतू. १९५४मध्ये पुन्हा पूर, इतका की मंडळी तरंगत्या नाटकघरात राहायला जातात. संकट खरंखुरं, भीतीही खरी. पण मूमिनआई हातातली पर्स सांभाळत सगळ्यांच्या जेवणाचं बघते. मूमिनआई म्हणजे आपली आईच, हे तूवेने लपवलं नाही. वादळात सुकाणू धरायला कुणीतरी मोठं माणूस होतं, म्हणून त्या भीतीत मजा आली. मुलांना नुसतं वादळात ढकलणाऱ्या बापाचं कौतुक मला नाही.

हे धाडस समुद्रापुरतं राहिलं नाही. ‘गार्म’ या व्यंगपत्रात आधी आई चित्रं काढायची, मग लेकही काढू लागली. १९३८मध्ये तिने हिटलरला केक हवा म्हणून भोकाड पसरणारं पोर करून टाकलं. वडिलांचं राजकारण उलट्या बाजूचं. घरात कडाक्याची भांडणं झाली. बापाने वादळाची गोडी लावली आणि लेकीने ती त्याच्याच मतांविरुद्ध वापरली.

आता तूवेच्या स्वतःच्या बेटाविषयी, कारण उघड्यावर बसून चित्र काढण्यासाठीचा ‘आऊटडोअर’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. वाईच्या घाटावर किंवा नाशिकला गंगाघाटावर जायचं, सावलीची जागा धरायची, ऊन फिरायच्या आत वॉश मारायचा आणि भजी खाऊन परतायचं. मीही तेच करत आले, त्यात वाईट काही नाही. तूवेने मात्र पन्नाशीत, १९६४ साली, आपली जोडीदार आणि ग्राफिक कलावंत तूलिक्की पिएतिला हिच्यासह क्लोवहारू नावाच्या उघड्या खडकावर घर बांधायला घेतलं. परवाना हाती येण्याची वाट न बघता सुरुंग लावून खडक फोडला. एकच खोली, चारही दिशांना खिडक्या. वीज नाही, नळ नाही. जाळी टाकायची, लाकडं फोडायची, होडी वर ओढायची आणि उरलेल्या वेळात चित्र. होडीचं नाव व्हिक्टोरिया, कारण दोघींच्याही वडिलांचं नाव व्हिक्टर. ज्या समुद्राने रोज कामाला लावलं, तो तिच्या चित्रांत नुसती पार्श्वभूमी होऊन बसला नाही. तो पात्र झाला, तोही लहरी आणि भांडखोर. १९६५च्या कादंबरीत मूमिनबाबा सगळं कुटुंब उचलून दीपगृहाच्या बेटावर नेतो आणि समुद्राशी अक्षरशः वाद घालत बसतो. ते पुस्तक त्याच काळातलं.

दोघी तिथे पंचवीसेक उन्हाळे राहिल्या. मग वय झालं, तूवेला समुद्राची भीती वाटू लागली. तिने ते स्पष्ट लिहून ठेवलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघींनी बेट सोडलं. भीती कबूल करून वेळेवर परत फिरणं हेही तितकंच धाडसाचं, असं माझं मत आहे.

आणखी एक. म्हातारी सिग्ने बेटावर यायची तेव्हा खोली तिला दिली जायची आणि या दोघी बाहेर तंबूत झोपायच्या.

पालकहो, इंजिनिअरिंग सोडून मुलाला रंगांच्या पेटीसह इथे पाठवताना तुम्हीही होडी पाण्यात लोटलीच होती, नातेवाइकांचं ऐकून घेत. आणि मुलांनो, येत्या सुट्टीत चित्र काढायला स्पॉटवर जाल तेव्हा आईवडिलांना बरोबर न्या. बोर्ड त्यांच्याही हातात द्या, उन्हात तासभर बसवा. तुमचं अभिनंदन, आणि त्यांचंही.